खग्रासाची साक्ष

निसर्गेतिहासाच्या संग्रहालयात जे जतन केले जाते ते प्रायः वजन असणारे, हाताला लागणारे, क्रमांक घालून फडताळात मांडता येण्याजोगे असते. १८६९ साली स्थापन झालेल्या न्यूयॉर्कच्या ‘अमेरिकन म्यूझियम ऑफ नॅचरल हिस्टरी’ या संस्थेची कीर्ती अशाच वस्तूंवर उभी आहे : कोट्यवधी वर्षांपूर्वी नामशेष झालेल्या प्रचंड सरटांचे सांगाडे, देशोदेशींच्या श्वापदांची त्यांच्या मूळ अरण्यांच्या देखाव्यांसह केलेली मांडणी, आणि रॉबर्ट पिअरी यांनी ग्रीनलंडच्या बर्फातून आणलेली तीस टनांहून अधिक वजनाची लोहमय अशनी. परंतु याच संस्थेच्या दप्तरी जो कलासंग्रह दाखल आहे त्यात काही चित्रे आकाशाची आहेत, आणि त्यांतही तीन चित्रे अशा एका दृश्याची आहेत, की ज्याचा नमुना कोणत्याही मोहिमेला पेटीत बंद करून आणता आला नसता. १९१८, १९२३ आणि १९२५ या वर्षांच्या खग्रास सूर्यग्रहणांची ती चित्रे हॉवर्ड रसेल बटलर या चित्रकाराने स्वतः डोळ्यांनी पाहून काढली, आणि संस्थेचे हेडन तारांगण १९३५ साली उघडल्यावर अनेक पिढ्यांच्या प्रेक्षकांनी ती तेथे पाहिली.

ज्या संस्थेचा सारा कारभार अस्थी, शिळा आणि मोजमापे यांच्या पुराव्यावर चालतो, तिने एका माणसाच्या दृष्टीला दीड-दोन मिनिटे जे दिसले ते पुरावा म्हणून कोणत्या आधारावर स्वीकारले, हा प्रश्न त्या चित्रांविषयी वाचताना प्रथम उभा राहतो. वरकरणी तो संग्रहालयाच्या अंतर्गत व्यवस्थेचा प्रश्न दिसतो. वस्तुतः तो प्रमाणविचाराचा प्रश्न आहे, आणि किंचित पुढे गेल्यास धर्मविचाराचाही आहे. कारण धर्माचा डोलारा अखेर याच एका गोष्टीवर उभा असतो, की कोणी तरी केव्हा तरी काही तरी पाहिले, ते दर्शन टिकले नाही, पुन्हा मागून मिळाले नाही, आणि ज्याने पाहिले त्याने ते न पाहिलेल्यांना सांगितले. अशा क्षणभंगुर दर्शनाच्या साक्षीवर विश्वास ठेवावा काय, आणि ठेवावयाचा तर साक्षीदाराच्या ठिकाणी कोणते गुण आहेत हे पाहून ठेवावा, या प्रश्नाचे एक स्वच्छ उत्तर मला या तीन चित्रांच्या जन्मकथेत आढळते.

बटलर यांचा जन्म १८५६ सालचा. प्रिन्स्टन येथे त्यांनी विज्ञानाचे शिक्षण घेतले, नंतर कायद्याचा अभ्यास करून ते वकील झाले, शोधांच्या पेटंटांचे काम पाहू लागले, आणि ऐन उमेदीच्या वर्षांत तो चालता व्यवसाय सोडून चित्रकलेकडे वळले. समुद्राची दृश्ये आणि प्रतिष्ठितांची व्यक्तिचित्रे यांसाठी त्यांचे नाव झाले. अँड्र्यू कार्नेगी यांचे चित्रही त्यांनी काढले. समुद्रावरच्या संधिप्रकाशासारखे क्षणाक्षणाला पालटणारे रंग टिपण्यासाठी त्यांनी स्वतःची एक लघुलिपी बसविली होती : रंगाची जात आणि त्याची तीव्रता अंकांनी व खुणांनी कागदावर उतरवायची, आणि मागाहून त्या टिपणावरून चित्र सिद्ध करावयाचे. हीच विद्या त्यांना एके दिवशी ग्रहणाकडे घेऊन गेली. ८ जून १९१८ रोजी अमेरिकेच्या वायव्य कोपऱ्यापासून फ्लॉरिडापर्यंत चंद्राची छाया धावणार होती, आणि तिच्या वेधासाठी नौदलाच्या वेधशाळेची तुकडी ऑरेगन राज्यातील बेकर या गावी तळ देऊन बसली होती. न्यूयॉर्कचे धनिक आणि विज्ञानप्रेमी एडवर्ड अ‍ॅडम्स यांच्या आग्रहावरून बटलर त्या तुकडीत सामील झाले. एरवी व्यक्तिचित्रासाठी तासन् तास समोर बसणारी माणसे ज्यांच्या सवयीची, त्या चित्रकाराला या खेपेस सूर्याने सारी मिळून ११२ सेकंदांची मुदत दिली.

या ११२ सेकंदांत जे साधले त्याचा विचार करताना ते सेकंद मुळात किती लांबून तयार केले गेले होते, हे विसरता कामा नये. काय पाहावयाचे, कोणत्या क्रमाने पाहावयाचे, कागदावर कोणती खूण कोणत्या जागी करावयाची, हे सारे छाया येण्यापूर्वीच ठरलेले असल्याखेरीज असे काम होत नाही. कारण खग्रास स्थिती सुरू होताच मनुष्याचे चित्त ज्या विस्मयाने भारून जाते तो विस्मय स्वतःच निरीक्षणाचा शत्रू आहे, आणि ज्याने हात आधी वळवून ठेवलेला नसेल त्याचा हात त्या वेळी चालत नाही. बटलर यांनी रूपरेषा टिपल्या, त्यांवर आपले रंगांचे अंक लिहिले, आणि छाया ओसरल्यावर, स्मृती ताजी असतानाच, टिपण आणि आठवण यांचा मेळ घालून चित्र रंगविले. आकारांच्या बाबतीत छायाचित्रांशी ताडून पाहण्यास ते मागे सरले नाहीत. वकिलीच्या दिवसांत दाव्याला पुरावा लागतो आणि पुराव्याला उलटतपासणी सोसावी लागते ही शिस्त त्यांच्या अंगी मुरली असली पाहिजे. ती कुंचल्यातही उतरली.

आता चित्रे जवळून पाहू. तिन्हींच्या मध्यभागी चंद्राचे काळे बिंब आहे, परंतु त्याच्या भोवतीचे आकाश शाईसारखे काळे नाही. ते गडद निळसर आहे, कारण खग्रास काळातही छायेच्या कडेपलीकडून येणारा उजेड आकाशात विखुरलेला असतो आणि पूर्ण रात्र कधीच होत नाही. बिंबाच्या कडेला ठिकठिकाणी गुलाबी-तांबड्या सौरज्वाला उठलेल्या आहेत. तो रंग तापलेल्या हायड्रोजन वायूचा आहे, आणि कडेच्या काळ्या रेषेला तो जेथे लागतो तेथे चित्रकाराने त्याला जरूरीपेक्षा अधिक भडक होऊ दिलेले नाही. त्यांच्याही पलीकडे मोत्यासारख्या पांढऱ्या कांतीचा प्रभाकिरीट पसरलेला आहे, ज्याला शास्त्रज्ञ करोना म्हणतात, आणि तो बाहेर जाता जाता आकाशात असा विरून जातो की त्याची सीमा नेमकी कोठे संपली हे बोट ठेवून सांगता येत नाही. ही सीमारहितता रंगविणे हीच या कामातील सर्वांत कठीण गोष्ट होती. कारण कुंचल्याने एखादी कड ओढली असती तर चित्र सुबक झाले असते आणि साक्ष खोटी ठरली असती.

तीन चित्रे शेजारी शेजारी मांडली म्हणजे एक विलक्षण गोष्ट ध्यानात येते : सूर्य एकच, चंद्र एकच, चित्रकारही एकच, पण प्रभाकिरीट तीन प्रकारचा. सौरडागांची संख्या सुमारे अकरा वर्षांच्या आवर्तनाने वाढते आणि घटते. १९१७ साली तिचा उत्कर्ष झाला होता, १९२३ साली ती नीचांकावर आली होती, आणि १९२५ साली पुन्हा वाढू लागली होती. उत्कर्षकाळी किरीटाचे झोत बिंबाभोवती जवळजवळ सर्व दिशांना फाकतात. नीचांकाच्या सुमारास ते सूर्याच्या विषुववृत्ताच्या दिशेने लांबवर ताणले जातात, आणि ध्रुवांपाशी केवळ आखूड, बारीक तंतू उरतात. कॅलिफोर्नियातील लोम्पॉक येथे १० सप्टेंबर १९२३ रोजी पाहिलेले ग्रहण ऑरेगनच्या ग्रहणाहून भिन्न दिसले त्याचे कारण चित्रकाराची लहर बदलली हे नव्हे, तर सूर्याची अवस्थाच बदलली होती. ज्या साक्षीत वस्तूचा बदल उमटतो आणि साक्षीदाराचा स्वभाव उमटत नाही, तिचे मोल कोणत्याही न्यायासनाला कळेल.

येथे एक आक्षेप उभा राहतो, आणि तो टाळून पुढे जाणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. एकोणिसाव्या शतकात एकाच ग्रहणाचे एकाच तळावर उभे राहून ज्यांनी रेखाटन केले त्यांची चित्रे परस्परांशी इतकी विसंगत निघत, की शास्त्रज्ञांचा मानवी डोळ्यावरचा विश्वासच उडाला. हा किरीट सूर्याचा, की चंद्राचा, की पृथ्वीच्याच वातावरणात उमटलेला आभास, हा वाद कित्येक वर्षे चालला. सौरज्वाला सूर्याच्याच आहेत हा निर्णय देखील १८६० साली स्पेनमध्ये घेतलेल्या छायाचित्रांनी दिला. तेव्हा जबानी देणाऱ्या डोळ्यांपेक्षा मुका राहणारा कॅमेरा अधिक विश्वासार्ह, असे म्हणावयाचे नाही काय ?

याचे उत्तर दुहेरी आहे. पहिले उत्तर व्यवहाराचे. त्या काळच्या प्रकाशलेपित काचेला किरीटाचा आतला, झळाळता भाग आणि बाहेरचा, अतिशय मंद भाग हे दोन्ही एका वेळी पकडता येत नसत. थोडा वेळ उघडी ठेवली तर बाहेरचे झोत उमटत नसत, अधिक वेळ ठेवली तर आतील सारे रचनावैशिष्ट्य जळून जाई, आणि रंग तर मुळीच येत नसे. डोळा मात्र ही तफावत सहज सांभाळतो. म्हणूनच छायाचित्रण पुष्कळ पुढे गेल्यावरही, १९३७ साली हेडन तारांगणाने पेरू देशात ग्रहणाची मोहीम पाठविली तेव्हा तिच्यासोबत ओवेन स्टीव्हन्स हा चित्रकार धाडला गेला. मोहिमेनंतर लवकरच तो निवर्तला, पण त्याने पाहिलेले ग्रहण संग्रहात राहिले. दुसरे उत्तर तत्त्वाचे आहे, आणि ते मला अधिक महत्त्वाचे वाटते. जुनी रेखाटने विसंगत निघाली ती डोळा हे साधन सदोष म्हणून नव्हे, तर पाहणाऱ्यांचा डोळा त्या क्षणासाठी सिद्ध नव्हता म्हणून. आपल्या नैयायिकांनी प्रत्यक्षाला प्रमाणांत अग्रस्थान दिले, पण जे जे दिसले ते ते प्रत्यक्ष असे त्यांनी कधीच म्हटले नाही. ते ज्ञान अव्यभिचारी असले पाहिजे, म्हणजे वस्तू सोडून भलतीकडे जाणारे नसले पाहिजे, ही अट त्यांनी व्याख्येतच घातली. डोळे उघडे असणे आणि प्रत्यक्ष घडणे यांच्यामध्ये साधनेचे अंतर आहे.

वेदान्ताने साक्षी हा शब्द एका अर्थाने वापरला आणि न्यायकचेरीने दुसऱ्या अर्थाने. वेदान्तातील साक्षी कर्तृत्व आणि भोक्तृत्व यांपासून अलिप्त असतो. जे घडते ते त्याच्या प्रकाशात घडते, परंतु त्याला त्यातून काही हवे नसते. कचेरीतला साक्षीदार याच्या उलट, शपथेने बांधलेला असतो. आपण पाहिले त्याची जोखीम त्याने पत्करलेली असते, त्याला प्रश्न विचारता येतात, आणि त्याची साक्ष खोटी ठरली तर त्याला जाब द्यावा लागतो. पहिला निर्मम आहे पण कोणाला उत्तर देण्यास बांधलेला नाही. दुसरा बांधलेला आहे पण निर्मम असेलच असे नाही. माझे म्हणणे असे आहे, की सत्याच्या दर्शनाची साक्ष ज्याला द्यावयाची आहे त्याच्या ठिकाणी हे दोन्ही धर्म एकत्र यावे लागतात : पाहताना तो वेदान्तातल्यासारखा अलिप्त, आणि सांगताना कचेरीतल्यासारखा जबाबदार. बटलर यांच्या ११२ सेकंदांत पहिला धर्म आहे आणि त्यानंतरच्या पडताळणीत दुसरा. यंत्र अलिप्त असते हे खरे, परंतु यंत्र जामीन राहत नाही; छायाचित्राला आपण खोटे ठरलो म्हणून लाज वाटत नाही. लाज वाटण्याचा संभव जेथे आहे तेथेच सत्यनिष्ठेला अर्थ आहे.

ग्रहणाचा आणि धर्माचा संबंध आपल्या देशात फार जुना आहे, आणि त्याच्या इतिहासात हाच साक्षीचा प्रश्न वेगळ्या वेषात उभा राहिलेला दिसतो. आर्यभटांनी ४९९ साली स्पष्ट लिहिले की सूर्याला चंद्र झाकतो आणि चंद्राला पृथ्वीची छाया. वराहमिहिरांनीही तेच प्रतिपादिले. पण ६२८ साली ब्रह्मगुप्तांनी, स्वतः छायेच्याच गणिताने ग्रहण वर्तवीत असताना, राहूचा इन्कार करणे श्रुतिस्मृतींच्या विरुद्ध आहे असा पक्ष घेतला, आणि पुढे अल्बेरुनीने या विसंगतीवर नेमके बोट ठेवले. ब्रह्मगुप्तांसारख्या मोठ्या गणितज्ञाने असे का करावे ? मला वाटते, त्याच्यापुढे शब्द आणि प्रत्यक्ष ही दोन प्रमाणे परस्परविरोधी होऊन उभी राहिली, आणि परंपरेशी असलेले इमान मोडण्याचे धैर्य त्याला झाले नाही. उलट केरळात परमेश्वर नावाच्या ज्योतिर्विदाने १३९३ ते १४३२ या काळात कित्येक ग्रहणे पाहून नोंदविली आणि जुन्या गणिताचे आकडे आकाशाशी जुळवून घेतले. आपल्या कोकणात मुरूडजवळच्या नांदगावी केशव दैवज्ञाने तोच परिपाठ ठेवला, आणि त्याच्या पुत्राने, गणेश दैवज्ञाने, १५२० साली रचलेल्या ‘ग्रहलाघवा’वर महाराष्ट्रातील पंचांगे शेकडो वर्षे चालली. आकाशाने दिलेला कौल मान्य करणे म्हणजे शास्त्राचा द्रोह नव्हे, हे या माणसांना उमगले होते.

ग्रहणकाळी पाळावयाचा जो आचार आपल्याकडे रूढ आहे, त्याचा विचारही याच दृष्टीने केला पाहिजे. सूर्यग्रहणापूर्वी चार प्रहर वेध पाळावयाचे, स्पर्श होताच स्नान करावयाचे, पर्वकाळात जप करावयाचा, दान द्यावयाचे, आणि मोक्ष झाल्यावर पुन्हा स्नान करून शुद्ध व्हावयाचे, असा तो क्रम. आणि रस्त्यावरून ‘दे दान सुटे गिराण’ अशी आरोळी देत याचक फिरू लागले की घराघरांतून धान्य, वस्त्र, पैसा बाहेर येत असे. या आचारातील भयाचा भाग, म्हणजे दारे-खिडक्या लावून अंधारात बसणे आणि गर्भवतीला जागचे हलू न देणे, हा टाकून देण्यासारखाच आहे, आणि तो टाकल्याने धर्माचे काही जात नाही. परंतु भय वजा केल्यावर जे उरते ते फोल नाही : आधी तयारी, ऐन क्षणी चित्ताची एकाग्रता, आणि नंतर दान. हाच क्रम बटलर यांच्या कृतीत अक्षरशः आढळतो, आणि तो त्यांनी कोणाच्या धर्मशास्त्रातून घेतलेला नव्हता. क्षणिक दर्शनाच्या स्वरूपातूनच तो निष्पन्न होतो. फरक एवढाच की आपण पर्वकाळात डोळे मिटले आणि त्यांनी उघडे ठेवले. २२ जानेवारी १८९८ रोजी चंद्राची छाया महाराष्ट्रावरून गेली तेव्हा विजयदुर्गच्या किल्ल्यावर खगोलशास्त्रज्ञ नॉर्मन लॉकयर यांचा तळ पडला होता, आणि सोलापूर जिल्ह्यातील जेऊर येथे अमेरिकेच्या लिक वेधशाळेची तुकडी व पुण्याचे प्राध्यापक कावसजी नायगमवाला हे आपापली यंत्रे रोखून उभे होते. ती माणसेही पर्वकाळच पाळीत होती, असे म्हणण्यास मला संकोच वाटत नाही.

खग्रासाच्या दृश्यात एक तत्त्व असे आहे की ज्याच्यापुढे आपल्या नेहमीच्या दृष्टान्तांना थांबून विचार करावा लागतो. अज्ञानाला आवरणाची उपमा देण्याची वेदान्ताची रीत आहे : सूर्य ढगांनी झाकलेला असतो, ढग सरले की तो प्रकट होतो. येथे उलट घडते. प्रभाकिरीट सूर्याभोवती अहोरात्र विराजमान असतो, परंतु त्याचे तेज सूर्यबिंबाच्या तेजाच्या सुमारे दहा लाखांश एवढेच असल्यामुळे, भर दुपारच्या उन्हात देवघरातल्या समईची ज्योत जशी असून नसल्यासारखी होते, तसा तो दिवसभर असून नसतो. बिंब पुरते झाकले गेले की मगच तो दिसतो. म्हणजे ज्याला आपण प्रकाश म्हणत होतो तेच येथे आवरण होते, आणि ज्याला आवरण म्हणत होतो त्याने प्रकट करण्याचे काम केले. ज्ञानाच्या क्षेत्रातही जे अतिशय स्पष्ट, अतिशय परिचित आणि अतिशय उपयुक्त असते तेच पुष्कळदा त्याच्या शेजारच्या सूक्ष्म सत्याला झाकून टाकते, आणि ते परिचित काही काळ हिरावले गेल्याखेरीज सूक्ष्माचा बोध होत नाही. शोकात, आजारपणात, वियोगात माणसाला जे कळते ते सुखात कळले नसते असे आपण म्हणतो तेव्हा त्या म्हणण्यात हेच तत्त्व असते. दुःख हे स्वतः ज्ञान नव्हे. चंद्राच्या काळ्या बिंबात प्रकाशाचा लवलेश नसतो. पण ते योग्य जागी, पुरतेपणी आले, आणि पाहणारा सिद्ध असला, तर त्याच्या कडेने काही दिसू शकते.

‘पुरतेपणी’ हा शब्द मी जाणून वापरला. २४ जानेवारी १९२५ च्या सकाळी छायेची दक्षिण कड न्यूयॉर्क शहरातूनच गेली. ती नेमकी कोठून जाते हे ठरविण्यासाठी वीज कंपनीने मॅनहॅटनच्या गच्च्यांवर रांगेने माणसे उभी केली होती, आणि त्यांच्या जबान्यांवरून ती कड पंच्याण्णवाव्या व सत्त्याण्णवाव्या रस्त्यांच्या दरम्यान असल्याचे निश्चित झाले. निसर्गेतिहासाचे हे संग्रहालय सत्त्याहत्तराव्या आणि एक्याऐंशीव्या रस्त्यांच्या मध्ये आहे. म्हणजे ज्या वास्तूत पुढे खग्रासाची चित्रे लागली, त्या वास्तूला त्या दिवशी खग्रास दिसले नाही. कड तिच्यापासून जेमतेम सव्वा-दीड किलोमीटरवर थांबली. तेथे उभ्या असलेल्या माणसाच्या दृष्टीने सूर्याचा नव्व्याण्णव टक्क्यांहून अधिक भाग झाकला गेला होता, तरी उरलेल्या त्या अल्पशा कोरेने किरीटाला प्रकट होऊ दिले नाही. बटलर त्या दिवशी कनेक्टिकट राज्यातील मिडलटाउनला गेले होते, छायेच्या आत. अहंकाराविषयी आपले संत जे वारंवार बजावत आले ते हेच, की येथे टक्केवारीचा हिशेब चालत नाही : बहुतांश सोडले आणि थोडे राखले असा व्यवहार परमार्थात जमेस धरला जात नाही, कारण राखलेली ती थोडकी कोर सारे आकाश आपल्याच उजेडाने भरून टाकते.

बटलर यांच्या आकाशचित्रांत आणखी एक प्रकार आहे, आणि त्याच्याशी तुलना केली म्हणजे ग्रहणचित्रांची योग्यता अधिक उजळते. संग्रहालयात खगोलशास्त्राचे एक आदर्श दालन कसे असावे याची योजना त्यांनी मांडली होती, आणि चंद्रावर उभे राहिल्यास पृथ्वी आकाशात कशी दिसेल याचीही चित्रे त्यांनी रंगविली. हे दृश्य त्यांनी पाहिलेले नव्हते. त्यांच्या हयातीत, म्हणजे १९३४ पर्यंत, कोणीच पाहिलेले नव्हते. ते अनुमान होते, गणिताने आणि दुर्बिणीने पुरविलेल्या सामग्रीवर उभारलेले. त्या काळचे चित्रकार चंद्रावरचे डोंगर उभ्या कड्यांचे आणि टोकदार सुळक्यांचे काढीत, कारण वारा-पाऊस नसल्यामुळे तेथे काहीही झिजले नसणार असा तर्क होता. १९६८-६९ मध्ये माणसे चंद्राजवळ आणि चंद्रावर पोचली तेव्हा ते डोंगर गोलसर, मऊ उताराचे निघाले. अनुमानाला दुरुस्ती सोसावी लागली. ग्रहणचित्रांची गोष्ट निराळी. १९१८ साली प्रभाकिरीट म्हणजे काय हे कोणालाच ठाऊक नव्हते. त्याच्या वर्णपटातली हिरवी रेषा ‘करोनियम’ नावाच्या पृथ्वीवर न सापडलेल्या मूलद्रव्याची आहे असे मानले जाई. १९४० च्या सुमारास ती रेषा अतितप्त लोखंडाची आहे आणि किरीटाचे तापमान दहा लाख अंशांच्या घरात आहे असे सिद्ध झाले. स्पष्टीकरण समूळ बदलले. परंतु साक्षीत एका अक्षराचीही दुरुस्ती करावी लागली नाही, कारण साक्षीदाराने आपल्या जबानीत स्पष्टीकरण मिसळले नव्हते. धर्मानुभवाच्या बाबतीत बहुतेक सारे कलह याच मिसळीतून उपजतात. ज्याने काही पाहिले तो ‘मला हे दिसले’ एवढ्यावर थांबत नाही. ‘म्हणून विश्व असे आहे, म्हणून तुम्ही असे वागा’ येथवर तो एका दमात जातो, आणि त्याचे अनुमान जेव्हा कोसळते तेव्हा त्याच्या दर्शनातला खरा अंशही लोक त्याबरोबर फेकून देतात.

तेव्हा आरंभीच्या प्रश्नाचे उत्तर असे देता येते. क्षणभंगुर दर्शनाची साक्ष स्वीकारावी. किंबहुना ती न स्वीकारण्याचा हट्ट धरला तर जगातील जे जे दुर्मिळ आणि अपुनरावृत्त ते ते ज्ञानाच्या बाहेरच राहील, आणि ज्ञान म्हणजे केवळ मुबलक आणि नित्य गोष्टींची जंत्री होऊन बसेल. परंतु स्वीकारण्यापूर्वी साक्षीदाराला काही प्रश्न विचारण्याचा आपल्याला हक्क आहे, आणि ते विचारणे हा श्रद्धेचा अवमान नव्हे. तो त्या क्षणासाठी सिद्ध होता काय ? दर्शनाच्या वेळी त्याने स्वतःला पुरते बाजूला ठेवले काय ? त्याने जे पाहिले आणि जे तर्कले त्यांची सरमिसळ टाळली काय ? दुसऱ्याच्या पुराव्याशी आपली जबानी ताडून घेण्यास तो राजी झाला काय ? आणि अखेर, जे मिळाले ते त्याने स्वतःची मिरास म्हणून जवळ ठेवले, की सर्वांना देऊन टाकले ? एक चित्रकार या पाचही कसोट्यांना उतरतो. मग देवाचे दर्शन घडल्याचा दावा करणाऱ्याला आपण यांहून सोप्या कसोट्या का लावाव्यात, हे मला कळत नाही. खऱ्या संतांनी त्या टाळल्या नाहीत. त्यांनी आयुष्यभर आपले चित्त घासूनपुसून सिद्ध केले, स्वतःचे मोठेपण पुसून टाकले, आणि जे गवसले ते लोकांच्या भाषेत, रस्त्यावर, कोणालाही मज्जाव न करता वाटून टाकले.

आपल्या परंपरेने मनुष्याच्या माथ्यावर तीन ऋणे सांगितली आहेत, आणि त्यांत ऋषींचे ऋण अध्ययनाने फिटते असे मानले आहे. ज्यांनी पाहिले त्यांचे हे न पाहिलेल्यांवरचे ऋण. याला जोडून एक उलटे ऋणही आहे असे मानल्यास धर्माला बाध येणार नाही. ज्याला दर्शन घडले तो छायेच्या पट्ट्यात होता आणि कोट्यवधी माणसे त्या पट्ट्याबाहेर राहिली, हा त्याचा पराक्रम नव्हे, योग आहे. त्या योगाने तो न पाहिलेल्यांचा ऋणको होतो. हे ऋण प्रवचनाने फिटत नाही, आणि आपण पाहिले या अभिमानाने तर ते वाढतच जाते. ज्याने निर्मम होऊन पाहिले, जपून सांगितले, आणि सांगितलेले सर्वांसाठी खुल्या जागी ठेवले, त्याने ते फेडले असे म्हणावे. संग्रहालयाच्या भिंतीवर लावलेल्या चित्राला, वेधशाळेच्या नोंदवहीला आणि संताच्या अभंगाला मी या एका निकषाने मोजतो, आणि या निकषापुढे विज्ञान, कला व धर्म यांच्यात उच्चनीच भाव मानण्याचे कारण मला दिसत नाही.